वायर उपसणारे रशीदभाई

चालू मशीनची वायर उपसायची आणि हाताची घडी घालून उभं राहायचं, हा रशीदभाईंचा आवडता उद्योग. अमरावतीत राजापेठेजवळच्या आमच्या दवाखान्याचे सगळे रिपोर्ट, औषधं, रक्ताचा साठा ज्या सर्व्हरवर, त्याचीच वायर. तीही भर ओपीडीत. मोठे डॉक्टर पहिल्यांदा खाली धावत आले. रशीदभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या एका तरी पेशंटले समजलं काय? नाही न? मंग काहून तरास करून घेता?"

समजलं नव्हतं, कारण शेजारच्या दुसऱ्या सर्व्हरनं काम उचललं होतं. हा सगळा संसार रशीदभाईंनीच मांडलेला. जुळे सर्व्हर, दोघांत मिळून डिस्कची एकच पेटी, आणि मधे एक निळी केबल, जिच्यातून ते सतत एकमेकांची खबर घेत. ती केबलच तुटली तर? "तर दोघायलेबी वाटते, दुसरा मेला. दोघंबी मालक होऊन बसते अन् एकाच पेटीत लिहून राहते. सत्यानाश!" म्हणून अकोल्याच्या आमच्या शाखेत त्यांनी एक लहानसं तिसरं यंत्र बसवलं होतं. मालक कोण, याचा कौल त्याचा. त्याला ते पंच म्हणत.

पण नुसती जोडी मांडून त्यांना झोप येत नसे. "जे बंद पाडून पायलं नाही, ते हायच नाही असं समजा," हे ते इतक्यांदा ऐकवत की आम्ही त्यांच्या हाताखालची पोरं माघारी नक्कल करायचो. चाचणी संपली की वायर मात्र स्वतःच्या हातानं परत लावत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मशीन घरघरत उठलं की त्याच्यावर थाप मारून म्हणायचे, "आला माहा भाऊ वापस."

गेल्या उन्हाळ्यात ते अचानक गायब होऊ लागले. कामावर नाहीत, फोन बंद. अशाच एका दिवशी पेटीतली एक डिस्क बंद पडली. मी घामाघूम झालो, त्यांच्या नावानं बोटं मोडली आणि शेवटी बदलली एकदाची. दुसऱ्या दिवशी आले ते हसतच. "जमलं न?"

"ही काय पद्धत झाली? सांगून तरी जायचं!"

"सांगून कोणतं मशीन बंद पडते, बॉ?"

त्यांची पँट पट्ट्याखाली गोळा झालेली मला दिसत होती. उन्हानं उतरले असतील, असं वाटलं. पोटात कॅन्सर होता आणि तो पसरल्याचं त्यांना तेव्हाच कळलेलं होतं. स्वतःलाच बंद करून ते आम्हाला तपासत होते. पावसाळा सरता सरता गेले. त्या दिवशी दवाखान्यात काहीएक अडलं नाही, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. एवढा माणूस गेला आणि एक स्क्रीनसुद्धा लुकलुकली नाही!

त्यांच्या पत्नीची, नजमाभाभींची, चार महिने दहा दिवसांच्या शोकाची इद्दत संपल्यावर भेटायला गेलो. त्या नुकत्याच स्कूटीवरून भाजी घेऊन आल्या होत्या. गाडी केव्हा शिकलात, असं सहज विचारलं.

"त्यायनंच शिकवली. मंग न सांगता अकोल्याले बहिणीकडे जाऊन बसत. फोन बंद. सिलिंडर मीच आणा, बँकेत मीच जा, सासूले दवाखान्यात मीच न्या. मले वाटे, माह्यावर नाराज हाय. दुसऱ्या दिवशी येत अन् इचारत, जमलं न? बिमारीचं लय उशिरा सांगतलं."

त्यांनी भाजीची पिशवी पुढ्यात ओढली.

"दवाखाना चालते न, भाऊ?"

मी मान हलवली.

"मी बी चालून राहिले," पिशवीतली भाजी काढता काढता त्या म्हणाल्या. मग हात थांबले. "पण भाऊ, तिथं तर ते वायर परत लावत होते न?"