नकाशातला बाक

तमाम सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नेदरलँड्स या देशात बसायला जागा नाही. हसू नका. हा शोध आमच्या नकाशेकाकांनी लावला, आणि तोही सरकारने सगळ्यांना घरी बसवलं होतं तेव्हा.

काकांना पत्ता तोंडाने सांगताच येत नसे. आमच्याकडे जेवताना कुणी नुसतं "स्टेशन कुठे?" म्हणालं, की ताटात भाताचे बांध घालून, त्यात वरणाचा कालवा सोडून ते अख्खा परिसर उभा करत. काकू म्हणायच्या, "आता गाव गिळा. गार होतंय."

निवृत्तीनंतर त्यांना एकच व्यसन होतं. इंटरनेटवर कुणालाही भर घालता येते असा एक नकाशा असतो, त्यात ते पायवाटा, पाणपोया, सायकलींचे स्टँड भरत बसत. नियम एकच : "डोळ्यांनी पाहिलं नाही ते नकाशात काढायचं नाही." मी एकदा माझी बाल्कनी 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून त्यात घुसडली. संध्याकाळच्या आत ती पुसली गेली आणि काकांचा फोन आला, "गाढवा, लोक विश्वास ठेवतात!"

मग कोरोनाने काकूंचा श्वास अर्धा नेला. हॉस्पिटलमधून घरी आल्या, पण चार पावलं टाकली की टेकावं लागे. त्यांचा हट्ट एवढाच, की कालव्यापर्यंत आपल्या पायांनी जायचं. चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की म्हणत, "मी काय सामान आहे?"

काका आणि मी दीड मीटर अंतर राखून गावभर हिंडलो आणि दिसेल तो बाक नकाशात टाकला. बंगल्यांच्या बाजूला, तळ्याभोवती ठिपक्यांची नुसती दाटी. आमच्या फ्लॅट्सपासून कालव्यापर्यंत मात्र कोरं. तिथले बाक गेमेंटेने, म्हणजे आमच्या नगरपालिकेने, केव्हाच उचलले होते. पोरं बसून दंगा करतात, अशी तक्रार होती. काका म्हणाले, "सगळी म्हातारी माणसं इथे आणि बाक तिकडे. नकाशात काय नाही ते बघायला शीक." औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बाक द्यावा, असा त्यांनी गेमेंटेला अर्ज केला.

पुढे एक दिवस नकाशात त्याच कोपऱ्यावर मला एक बाक दिसला. त्या कोपऱ्यावरून मी रोज जात होतो! चोर सापडल्याच्या आनंदात मी विचारलं, "काका, हा बाक अदृश्य आहे का हो?"

काकांनी मास्कसकट आवाज खाली केला. "तिला फोनवर दाखवायला काढलाय. पुढे बाक आहे म्हटलं की ती दाराबाहेर पडते."

कोपऱ्यावर पोहोचलं की ते पिशवीतून घडीचं स्टूल काढत. काकू बसता बसता मला डोळा मारत, "ह्यांचा बाक यायला जरा वेळ लागतो." पण ते स्टूल बुटकं, ना पाठ ना हात. त्यावरून उठण्यातच त्यांचा सगळा दम संपे आणि तिथूनच परतावं लागे. खरा बाक हवा होता.

गेमेंटेचं उत्तर आलं. ते काकांनी दारातच मला वाचून दाखवलं : आम्ही नकाशा तपासला, सदर कोपऱ्यावर बाक आहे.

काकांनी बाक पुसला, रिकाम्या कोपऱ्याचे फोटो जोडले, नव्याने अर्ज केला आणि त्यावर नवीन तारीख पडली. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन केले. उन्हाळा संपला, पानं गळाली. हिवाळ्यात काकू पुन्हा हॉस्पिटलमध्ये गेल्या. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती, मी लॅपटॉपवर पाहिला. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या होत्या आणि पहिल्या रांगेत एकटे काका.

वसंतात त्या कोपऱ्यावर दोन कामगारांनी बाक बसवला. चांगला, पाठ असलेला, उठताना धरायला हात असलेला. मी काकांना बोलावून आणलं. एका कामगाराने फळीवर थाप मारली आणि हसून म्हणाला, "बसा की, साहेब!"

इथल्या माणसांशी आयुष्यभर अस्खलित डचमध्ये भांडलेले काका त्याच्याकडे बघून मराठीत ओरडले, "आता मी कुणाला बसवू रे इथे!"