खोटं न्हाय, जुनं

"दिसतंय ते आत्ताचं हाय का?"

आमच्या गोडाउनच्या ऑफिसात कुणी कॉम्प्युटरची तक्रार केली की ताई आधी हे विचारायच्या. कीबोर्डला हात लावायच्या नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खुर्चीमागे उभ्या राहायच्या. समोरचा चिडायचा. "आत्ताचं म्हणजे काय? डोळ्यांना दिसतंय ना!" मग ताई वाकून त्या फाइलवरची वेळ दाखवायच्या. ती कालची असायची.

भिवंडीजवळ दापोड्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोडाउनं आहेत, त्यातल्या एकात मी डिस्पॅच बघतो. ताई आमच्या सिस्टिमवाल्या. अंजूरहून रिक्षाने यायच्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं सुरळीत असतं तेव्हा ती कुणाला आठवत नाहीत आणि जरा अडलं की सगळे त्यांच्याच नावाने ओरडतात.

आमच्या साऱ्या फाइली एका सर्व्हरवर असायच्या. कुठली गाडी कधी लागणार, कुठला माल कुठे जाणार, कुठल्या सेक्शनमध्ये किती माणसं आहेत, हे सगळे जण आपापल्या कॉम्प्युटरवरून तिथेच बघायचे. पण नेटवर्कची लाइन मंदावली की कॉम्प्युटर सर्व्हरपर्यंत जायचाच नाही. आधी कधीतरी स्वतःजवळ ठेवून घेतलेली प्रत उघडून द्यायचा, आणि ती जुनी आहे असं सांगायचाही नाही.

एकदा मी वर बसून गाडी बदलली आणि खाली लोडिंगच्या सुपरवायझरने जुन्याच गाडीत माल भरला. कल्याणचे पंखे वसईला पोचले. आम्ही दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेलो.

"मी सेव्ह केलं होतं!"

"मला दिसलंच नाही तर काय करू?"

ताई मध्ये येऊन उभ्या राहिल्या. "तुमी दोघं खरं बोलताय. हा कॉम्प्युटर पण खोटं न्हाय बोलत. जुनं बोलतो." आणि हसून म्हणाल्या, "आमच्या आळीत हायेत अशी चार माणसं."

सर्व्हर ठेवला होता जिन्याखालच्या खोलीत. खिडकी नाही, दार ओढलं की खुर्ची पूर्ण वळत नाही. एसीचं पाणी एका बादलीत ठिबकायचं. ताईंचा दिवस तिथे जायचा. वरून कुणीतरी "ओ ताई!" करून ओरडलं की आतून आवाज यायचा, "येते, येते. जाणार कुठं?" आम्ही हसायचो. त्या विनोदाने म्हणतात असंच आम्हाला वाटायचं.

पुढे कळलं की त्यांनी दोनदा नोकरी सोडायचं काढलं होतं. दोन्ही वेळा शेठनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला. "तुम्ही गेलात तर हे कोण बघणार? तुमच्याशिवाय कुणाला येतंय?" दुसऱ्या वेळी बाहेर येऊन ताई मला म्हणाल्या, "किती कौतुक केलं रे! दाराला कडी घालतात तसं."

हाताखाली माणूस द्या म्हटलं तर मिळायचा नाही. सुट्टी मंजूर व्हायची आणि आदल्या दिवशी लाइन बसायची. दुखणं त्यांना ठाऊक होतं, औषधही ठाऊक होतं. सर्व्हर एक दुपार बंद ठेवायचा, कॉम्प्युटरने स्वतःजवळ प्रत ठेवायची ती सोय मुळातच काढून टाकायची आणि प्रत्येक मशीनमधल्या जुन्या प्रती पुसायच्या. पण शेठ म्हणायचे, "सीझन संपू दे." राखी झाली, गणपती झाले, दिवाळी आली. भिवंडीत सीझन कधी संपतो?

मग ती दुपार आली.

सी सेक्शनमध्ये धान्याच्या पोत्यांना कीड लागली होती. विषारी गॅसच्या गोळ्या ठेवून सेक्शन बंद करायचा होता. औषधवाल्या कंत्राटदाराने गेटवरच्या वॉचमनला विचारलं, "अंदर कोई है?" वॉचमनने स्क्रीन पाहिली. सी सेक्शन रिकामा. कंत्राटदाराने आत तोंड घालून एक हाक मारली, गोळ्या ठेवल्या, शटर ओढलं. त्याची माणसं फटींना टेप लावू लागली.

ताई चहाला निघाल्या होत्या. जाता जाता सवयीने गेटच्या स्क्रीनवर वाकल्या. फाइलची वेळ सकाळची होती. मी मागेच होतो.

"सीमध्ये कोण हाय?" त्यांनी मला विचारलं.

"दोघं. जेवणाआधीच लिहिलंय मी, पोती सारायला पाठवलेत म्हणून."

त्या धावल्याच. "शटर उघडा!"

"मॅडम, गोळी डाल दी है," कंत्राटदार म्हणाला.

"म्हणूनच उघडा! आदमी है अंदर!"

त्यांनी स्वतःच नखांनी टेप ओरबाडायला सुरुवात केली. शटर वर गेलं. आत काही दिसेना. मग पोत्यांच्या थप्पीमागून एक जण डोळे चोळत आला. जेवून आडवे झाले होते दोघेही. दुसऱ्याला हाताला धरून ओढत बाहेर आणलं. बाहेर येताच तो भिंतीला टेकून ओकला. गॅस नुकता सुटू लागला होता, म्हणून निभावलं. दोघांना दवाखान्यात नेलं, एक रात्र ठेवून सोडलं.

ताई गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. चहा समोर आणून ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांची नखं फाटली होती.

शेठ आले, सगळं ऐकलं. "झालं तर नाही ना काही? नशीब. पुढच्या महिन्यात बघू आपण ते सिस्टिमचं."

ताई उठल्या, जिन्याखालच्या खोलीत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळ्यांच्या स्क्रीन एकदम अडकल्या. एकही फाइल उघडेना. "ओ ताई!" म्हणून हाका सुरू झाल्या. मी जिन्याखाली गेलो तर दाराला आतून कडी.

तासाभरात गाड्यांची रांग मेन रोडपर्यंत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. शेठ खाली येऊन दारावर थापा मारू लागले.

"काय चाललंय हे? दार उघडा!"

"काम चालू हाय साहेब. संध्याकाळी उघडते."

"कोणाला विचारून? बाहेर गाड्या अडकल्यात!"

आतून ताईंचा आवाज आला, अगदी शांत. "गाड्या अडकल्यात. काल माणसं अडकली होती."

शेठनी मला दार तोडायला सांगितलं. मी हातोडी आणायला म्हणून गेलो आणि लोडिंगच्या सुपरवायझरजवळ जाऊन उभा राहिलो. त्यानेही मला हातोडी कुठे आहे ते सांगितलं नाही. पंख्यांच्या भांडणानंतर आमचं दोघांचं इतकं कधी जमलं नव्हतं.

दिवेलागणीला कडी निघाली. ताई घामाने निथळत बाहेर आल्या. त्यांनी किल्ल्या शेठच्या हातात दिल्या. "आता जुनं दिसणार न्हाय कुणाला. लाइन गेली तर फाइल उघडणारच न्हाय. मग उठून बघून यायचं." शेठ तावातावाने बोलत होते, तोवर त्या फाटकापर्यंत पोचल्याही होत्या. उद्यापासून येऊ नका, हे शेठनी सांगितलं ते त्यांच्या पाठीला.

आता लाइन गेली की स्क्रीनवर नुसती चूक झाल्याची पाटी येते. पोरं शिव्या घालतात, मग उठतात, जिना उतरून खाली जातात आणि आपल्या डोळ्यांनी बघून येतात. ताईंच्या जागी तिघे आले नि गेले. मी अजून तिथेच आहे. हप्ते आहेत, घर आहे, दुसरीकडे कोण घेणार, असं मी मलाच सांगत असतो.

गेल्या थंडीत आईचे गुडघे फार धरले, म्हणून तिला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेलो. तिथे पायरीवर ताई बसल्या होत्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात, वाफेने चेहरा लालबुंद झालेला. शेजारी त्यांची मुलगी चपला हातात घेऊन उभी होती.

"आई, चल ना गं. किती वेळ झाला."

"बस गं जरा," ताई म्हणाल्या. "पाणी बघ कसलं छान हाय."

आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी हाक मारली नाही; आईचा हात धरला आणि तिला हळूच पलीकडच्या कुंडाकडे घेऊन गेलो.