दारात कोणी नव्हतं, तरी मी सरकले

"मावशी, नसलेलं काही दिसतं का तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी फटकन म्हणाले, "छे, छे! आमच्यात असलं काही नसतं."

प्रश्न डोळ्यांचा होता, उत्तर मी घराण्याचं दिलं.

पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातली ही गोष्ट. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी निदान सांगितलं होतं. ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीकशा मोरीतून वाहून जातं. ती मोरी तुंबली की आतला दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस दबून वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. माझा डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्यात मधली तेवढी नजर उरली होती, पाइपातून बघावं इतकी. ती राखायची तर ऑपरेशन हवं होतं.

"कधी?" मिस्टरांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. नुसत्या थेंबांनी एवढा दाब उतरणार नाही. जितका उशीर, तितकी नजर कमी."

मी म्हणाले, "भातकापणी होऊन जाऊ दे." मिस्टर माझ्याकडे बघतच राहिले. आमचं भात ते एवढंसं, तेही वाट्यानं दिलेलं.

आता मी कोण ते सांगते. मी निवृत्त आरोग्यसेविका. खालापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तेहेतीस वर्षं काढली. सुया टोचल्या, बाळंतपणं केली, डोंगरातल्या वाड्यांवर पायी फिरले. घर कर्जतजवळ, कोंडाण्याच्या अलीकडे. मिस्टर रसायनीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक उल्हास नदीत सोडले, आणि त्या दिवसापासून भूत, मुंज्या, करणी या शब्दांना आमच्या घरात बंदी. विहारात दर पौर्णिमेला अंधश्रद्धेवर बोलायला मीच उभी राहायची. माझी जीभ तिखट. बाया म्हणायच्या, नर्सबाईला बघून भूतच पळंल.

तर अशा मला बायका दिसत होत्या.

सुरुवात जाळीनं झाली. पांढऱ्या भिंतीवर विटांसारखी नक्षी दिसायची आणि मान वळवली की तीही सरकायची. म्हटलं, पित्त असेल. मग एक दिवस भर दुपारी मी ओट्याशी तांदूळ निवडत होते. डावीकडे, फ्रिजच्या शेजारी एक बाई उभी. उंची माझ्या कमरेएवढी. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, हात पोटाशी घट्ट धरलेले. "कोण गं तू?" मी विचारलं. ती काही बोलली नाही. सावकाश वळली आणि तिथं दार असल्यासारखी भिंतीत निघून गेली.

दुसऱ्या आठवड्यात दोघी आल्या. पावसाळा लागेपर्यंत सात. अंगणात, तुळईखाली, कधी बाथरूमच्या उंबऱ्यात. काही करायच्या नाहीत, नुसत्या उभ्या. एकीचे दात ओठांत मावत नव्हते. पण खरी भीती वेगळीच होती. मिस्टरांचा चेहरा मला धुरकट दिसायला लागला होता, आणि त्या बायकांच्या लुगड्याच्या काठाचा टाका न् टाका मोजता येत होता. जे आहे ते पुसट, आणि जे नाही ते लख्ख!

एकदा मी खराटा घेऊन सरळ त्यांच्यातूनच झाडत गेले. पडवीतून मिस्टर ओरडले, "अगं, काय झाडतीस? सकाळीच झाडलंस की! कचरा नाय, काय नाय."

"तुम्हाला काय दिसतंय?" मी जरा जास्तच जोरात विचारलं.

"मला? मला तू दिसतीस. पिसाळलेली."

मी हसले आणि खराटा भिंतीला टेकवला.

मी नर्स. साखर तपासली, बीपी तपासलं, ताप बघितला. सगळं जागेवर. मग उरलं काय? एक तर भूत, नाहीतर वेड. भूत म्हटलं तर आजोबांना काय तोंड दाखवू? वेड म्हटलं तर गावाला? डोळ्यांचा संशय मला आलाच नाही, कारण त्या बायका इतक्या स्वच्छ दिसत होत्या. बिघडलेल्या डोळ्याला इतकं स्वच्छ कसं दिसेल? माणसाचं मन असंच हिशेब लावतं आणि त्या हिशेबावर पैजही मारतं.

आणखी एक कबूल करते. पर्समध्ये मी लिंबू ठेवलं होतं. हो, मी! ज्या बाईनं वाड्यावाड्यांवर उताऱ्याची लिंबं उचलून लोकांसमोर पिळून प्यायली, तिनं. मिस्टरांना ते सापडलं तेव्हा ते म्हणाले, "सरबताला का?" मी म्हटलं, "मळमळतं एसटीत." ते लिंबू वाळून दगड झालं तरी मी टाकलं नाही. विश्वास नव्हता हो माझा त्याच्यावर. पण टाकायला हातही होत नव्हता.

असे आठ महिने गेले. दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, चहा कपाच्या बाहेर ओतला जायला लागला, आणि एक दिवस मी पडवीच्या पायरीवरून पाय चुकून अंगणात पडले. तेव्हा मिस्टरांनी मला धरून पनवेलला नेलं. तिथं मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

भातकापणी हे निमित्त होतं. खरं कारण डोळ्यावरची पट्टी. ऑपरेशननंतर उजवा डोळा झाकणार आणि डाव्यात उजेड नाही. म्हणजे अंधारात मी आणि त्या सातजणी. नजर गेली तरी चालेल पण ती पट्टी नको, इथपर्यंत मी आले होते.

तीन आठवड्यांनी दाब तपासायला पुन्हा गेलो. व्हिज्युअल फील्ड टेस्ट झाली. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, आत कुठे ठिपका चमकला की बटन दाबायचं. नजरेचा घेर किती उरलाय ते त्यातून कळतं. घेर आणखी आवळला होता. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मग मिस्टरांना म्हणाल्या, "काका, पाच मिनिटं बाहेर बसता का?"

दार लागल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, आत्ता आत येताना तुम्ही दारात थांबलात. पदर सावरून बाजूला सरकलात, कोणाला तरी वाट दिल्यासारखं. दारात कोणी नव्हतं."

मी पर्स छातीशी धरली.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं. किती सहज! घरी पाहुणे किती आलेत विचारावं तसं.

"सात," मी म्हणाले, आणि ढसाढसा रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

त्यांनी रडू दिलं, मग समजावलं. याला व्हिज्युअल रिलीज हॅल्युसिनेशन म्हणतात. डोळ्याकडून मेंदूला सतत चित्रं जात असतात. नस वाळली की चित्रं थांबतात. पण मेंदूचा बघायचा भाग काही रिकामा बसत नाही. तो आपल्याच पोतडीतून चित्रं काढतो आणि मोकळ्या जागेत मांडतो. म्हणून ती स्वच्छ दिसतात, कारण ती डोळ्यातून आलेलीच नसतात. ती बोलत नाहीत. हे वेड नाही, आणि बाहेरचं तर नाहीच नाही.

"मग माणसंच का? नुसती जाळी का नाही राहिली?"

"आपण जन्मल्यापासून माणसाचा चेहरा शोधत असतो, मावशी. खुंटीला अडकवलेल्या शर्टातही तोच दिसतो. पुष्कळ पेशंटांना दिसतात. सांगत कोणीच नाही."

"बायका गेल्या नाहीत तर?"

"नाहीही जाणार. पण नजर उरली तर तुम्ही खरं-खोटं ताडून बघू शकाल. ती गेली तर फक्त त्याच उरतील."

मी त्याच आठवड्याची तारीख घेतली. बाहेर येऊन बाकावर बसलेल्या मिस्टरांना सगळं सांगितलं, लिंबासकट. ते म्हणाले, "आठ म्हयने एकटीनं? अगं, मला सांगायचंस. मी काय विहारात जाऊन भाषन करनार व्हतो?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मला नामा आठवला. ठाकूरवाडीवरचा म्हातारा. मी निवृत्त होण्याआधी, एका लसीकरणाच्या दिवशी तो काठी टेकत आला होता आणि म्हणाला होता, "बाय, मला मानसं दिसत्यात. बारकी बारकी. बोलत नाय." हेच शब्द. आणि मी सगळ्या वाडीसमोर म्हणाले होते, "नामादादा, भूतबित काही नसतं. डोक्यातून काढून टाक!" टाळ्या पडल्या होत्या. त्याच्या डोळ्यांत मी बॅटरीसुद्धा मारली नव्हती. भुताबद्दल मी बरोबर होते. माणसाबद्दल काय?

ऑपरेशनला ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणतात. तुंबलेल्या मोरीशेजारी नवी बारीक वाट पाडायची. भूल फक्त डोळ्याला. दुखलं नाही, पण पट्टी बांधली आणि मी जिला घाबरत होते ती रात्र दुपारी साडेबारालाच सुरू झाली. त्या आल्या. खाटेभोवती, अगदी जवळ. सातच्या बारा झाल्या होत्या. दातवाली उशाशी वाकली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं मी केलं. बघू नको असं स्वतःला बजावायचं नाही, उलट डोळे डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे भराभर फिरवायचे. झाकलेल्या डोळ्याला जपून, डोकं न हलवता. काही विरल्या. काही नाही विरल्या.

"अहो, खोलीत कोण कोण आहे?" मी विचारलं.

"मी हाय," मिस्टर म्हणाले. "कोपऱ्यात पंख्याला वंगन घालनारा मानूस हाय. बस."

दर दहा मिनिटांनी मी विचारत राहिले आणि ते सांगत राहिले. एकदाही कंटाळले नाहीत, एकदाही "काही नसतं" म्हणाले नाहीत. जे आहे तेवढंच सांगत होते. त्या आधारावर मी तो दिवस काढला. तुमच्या घरी कोणाला असं दिसत असेल तर एवढंच करा. वाद घालू नका, हसू नका. खोलीत खरं कोण आहे ते सांगा, दिवा लावा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग बाकी सगळे.

उजव्या डोळ्याचा दाब उतरला. पाइपाएवढी नजर शाबूत राहिली. त्या नजरेनं मी भाजी निवडते, पेपरचे मथळे वाचते, मिस्टरांना दाढी नीट झाली नाही हे सांगते. बायका अजून येतात, पण कमी. डॉक्टरीणबाईंचे, औषधं देणाऱ्या पोरींचे, आणि माझ्या मिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

डोळ्याची जखम भरल्यावर मी मिस्टरांना घेऊन ठाकूरवाडीवर गेले. नामा आता हयात नव्हता. त्याची मुलगी सोनी होती, आता पन्नाशीची. तिनं ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी विचारलं, "दादा कशानं गेला गं?"

"बैलानं उडवला," ती म्हणाली. "वाटंनं गुरं येत व्हती. आमी हाका मारल्या, बाबा बाजूला हो, बाजूला हो. तो सरकलाच नाय. त्याला गुरंबी तसलीच, नसलेली वाटायची ना. म्हनायचा, नर्सबाय बोलली, काय नसतं. तसाच सरळ चालत गेला."

मला बसल्या जागी हुंदका आला. मी तिचे हात धरले, म्हटलं, "सोने, चुकलं गं माझं. मी त्याचे डोळे बघायला हवे होते." त्याला काचबिंदूच असणार आणि तो रक्ताच्या नात्यात पुढे येऊ शकतो, हे मी तिला समजावून सांगायला लागले. तपासणी, थेंब, कर्जतला यायची गाडी. बोलता बोलता लक्षात आलं, ती माझं ऐकत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सोने?"

"काय नाय, बाय," ती घाईनं म्हणाली. "काय नसतं. मला ठाव हाय. मी कुनालाच नाय बोलले."

मिस्टर माझ्या शेजारी बसले होते. मागे रिकामी भिंत होती, बसतानाच बघितलेली. मी वळून पाहिलं नाही. तिचे हात आणखी घट्ट धरले आणि तेहेतीस वर्षांच्या नोकरीत कधीच न विचारलेलं विचारलं.

"कोण दिसतंय गं तुला? सांग मला."