कॉम्प्युटरची उत्तरपूजा

"आधी हात जोडा, मग वायर काढा."

कुणाचाही जुना कॉम्प्युटर उचलायच्या आधी आप्पा हे म्हणायचे, आणि पहिल्यांदा स्वतःच हात जोडायचे. त्यांचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. निपाणीपासून बेळगावपर्यंत सगळ्यांचे ते आप्पाच. तीनचाकी टेम्पो घेऊन महिन्यातून एकदा आमच्या कंग्राळीकडे यायचे, मेलेले कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस गोळा करायचे आणि परवाना असलेल्या कारखान्याच्या लॉरीत भरून द्यायचे. तिथं तांबं वेगळं, प्लॅस्टिक वेगळं, विषारी माल वेगळा असं सगळं नीट सोडवलं जाई. भंगारवाला म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नसे.

"भंगारवाला काय मिळतंय ते बघतोय," ते म्हणायचे. "मी ह्येचं पुढं काय हुतंय ते बघतोय."

तुमच्याही घरात दिवाणाखाली एखादा बंद पडलेला लॅपटॉप असेल. नाही म्हणू नका, असतोच. हिंडलग्याच्या एका निवृत्त साहेबांनी तर आपला पहिला लॅपटॉप अकरा वर्षं दुलईत गुंडाळून ठेवला होता. काढून द्यायला जीव होत नव्हता. आप्पा म्हणाले, "साहेब, दोन पोरी नांदायला पाठवल्यासा, आन् ह्येलाच तेवढं घरात ठेवलाय व्हय?" बाईसाहेब आतून एवढ्या मोठ्यानं हसल्या की साहेबांनी दुलईसकट लॅपटॉप देऊन टाकला. दुलई पुढच्या महिन्यात धुऊन परत आली.

हार्ड डिस्कला मात्र ते मालकासमोरच ड्रिलनं भोक पाडायचे. माणसाची गुपितं माणसासमोरच मरावीत, असा त्यांचा नियम होता. निपाणीच्या एका व्यापाऱ्यानं आधी बायकोला चहा करायला आत पाठवलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "आता मारा." आप्पांनी त्याच्याकडं एकदा नीट बघून घेतलं. "हौदरी," ते कानडीत 'होय' म्हणाले. "तुमच्यासाठी चार मारतो."

आता आमच्या शाळेचं सांगतो. त्यात माझी थोडी अब्रू जाणार आहे, पण त्याला इलाज नाही.

मी गणित शिकवतो आणि कॉम्प्युटरची खोली सांभाळतो. त्या खोलीत मोठ्या पोटाचे मॉनिटर असलेले नऊ जुने कॉम्प्युटर होते. नवे आले होते आणि खोके व्हरांड्यात पडून होते, कारण जुने हलत नव्हते. आणि ते हलत नव्हते, कारण दर खंडेनवमीला आम्ही त्यांची पूजा केली होती. कपाळावर कुंकू, वर झेंडूची माळ, दारात कोहळा. हळद जाऊन जाऊन निम्म्या की-बोर्डांची बटणं बसली होती. आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन बाकी फार सज्जन शेतकरी, पण या बाबतीत त्यांनी हात वर केले. "पूजलेली वस्तू तराजूत घालायची? आमच्यात न्हाय चालत."

मग काय करायचं, यावर तीन मीटिंगा झाल्या. तिसऱ्या मीटिंगला मला भूक लागली होती आणि मी म्हणून गेलो, "मग विसर्जन करू. मागं विहीर आहेच."

सगळ्यांना ते एकदम पटलं. ठराव झाला. सूचक म्हणून माझं नाव लागलं.

ती विहीर काही पडीक नव्हती. तिच्यावर शाळेची बाग होती आणि उतारावरची चेअरमनची मुळा-कोथिंबीर होती, जी रोज सकाळी बेळगावच्या मंडईत जायची. पण आमचा हिशेब असा की लोखंड तळाला जाईल आणि पाणी वर राहील. गणिताच्या मास्तरचा हिशेब!

विसर्जनाच्या आदल्या दिवशी आप्पा आले. मी त्यांना हसत हसत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता एखादा टोमणा येईल. पण ते विहिरीपर्यंत चालत गेले आणि काठावर बसले.

"कुणाची अक्कल म्हणायची ही?"

"कमिटीची," मी म्हणालो.

"कमिटीला एवढं डोस्कं हाय व्हय?" मग पाण्याकडे बघतच त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

"मास्तर, मी पयला वायरी जाळून तांबं काढायचो. टीव्हीच्या फुटक्या काचा, आतल्या सर्किटच्या पाट्या, समदं घरच्या हिरीत ढकललं. हीर आटल्याली हुती, म्हणलं खड्डा बुजंल. त्या वर्षी पाऊस झाला आन् हीर भरली. पाण्यावर तवंग आला. म्हसरानं तोंड लावलं न्हाय. थोरल्या भावाची वांगी हुती त्या पाण्यावर. त्यानं हिरीवर फरशी घातली आन् माझ्याशी बोलणं सोडलं. बारा वर्सं झाली. एकाच अंगणात ऱ्हातोय आमी."

माझी लाज मला त्या क्षणी चांगलीच कळली. आप्पाच उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "उद्या अक्षता आणून ठेवा. वाटीभर. आन् त्यो मोठा यूपीएस आज रातभर चार्जिंगला लावा."

दुसऱ्या दिवशी सगळी कमिटी कॉम्प्युटरच्या खोलीत जमली. आप्पा कोपऱ्यात यूपीएसला टेकून, हात जोडून उभे होते.

"चेअरमनसाहेब, एक शंका हाय," ते नम्रपणे म्हणाले. "गणपती पोचवायच्या आधी तुमी अक्षता टाकून मूर्ती जराशी हलवतासा. कशापायी?"

"उत्तरपूजा ती. देवपण काढून घेतात."

"मग ह्येंची उत्तरपूजा कुणी केली? का देवालाच उचलून हिरीत ढकलायचा बेत हाय?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं, आता करू उत्तरपूजा," चेअरमन घाईनं म्हणाले. "मग तर ढकलायचं?"

"गणपती मातीचा. पाण्यात मिळून जातोय. ह्यो मिळणार न्हाय. देव निघून गेला की आत नुसतं शिसं ऱ्हातंय. त्ये तुमच्या कोथिंबिरीत उतरंल. वजनाला बरं पडंल म्हणा, पण खाणाऱ्याचं काय?"

चेअरमन विचारात पडले. वाटीतल्या अक्षतांकडे बघू लागले. "पर देवाला आवडंल का ह्ये?" ते पुटपुटले.

"त्येलाच इचारा की. अक्षता टाका आन् हलवा."

चेअरमननी पहिल्या मॉनिटरवर अक्षता टाकल्या, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी त्याला बोटभर सरकवलं. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "टिंऽऽ"

चेअरमन दोन पावलं मागं सरले. "व्हय म्हणाला," ते म्हणाले.

आप्पांचं कोपर यूपीएसच्या बटणावर होतं. ते फक्त मला दिसत होतं, आणि मी जन्मात इतकं कठीण हसू दाबलं नाही. पुढच्या आठ मॉनिटरांना चेअरमननी स्वतः अक्षता टाकल्या. शेवटी हेडमास्तर सवयीनं "पुनरागमनाय च" म्हणू लागले, तशी आप्पांनी धावत जाऊन त्यांना थांबवलं. "तसं म्हणू नका वो! ह्येच परत आलं तर मास्तर नोकरी सोडतील. चमचा हून ये म्हणा. बिजागरी हून ये म्हणा." मग आमच्या सगळ्या स्टाफनं एका सुरात कॉम्प्युटरांना चमचा व्हायचा आशीर्वाद दिला.

ही उत्तरपूजा नंतर पंचक्रोशीत चालू झाली. पतपेढ्या, दवाखाने, एक पिठाची गिरणीसुद्धा. आप्पांना बोलावणं यायचं आणि ते टेम्पोत अक्षतांचा डबा ठेवूनच हिंडायचे. कुठं यूपीएस बोलायचा, कुठं प्रिंटर. मी एकदा म्हटलं, "आप्पा, हे खोटं नव्हे का?" ते म्हणाले, "खोटंच हाय. पर हिरी खऱ्या हाईत."

गेल्या वर्षी ते दोन महिने आले नाहीत. फोन लावला तर सुनेनं उचलला. आप्पा गेले होते. झोपेतच.

मी निपाणीच्या पुढं त्यांच्या गावाला भेटायला गेलो. सुनेनं पाणी दिलं आणि म्हणाली, "मामंजी मागं हाईत." मला वाटलं, हिचं डोकं ठिकाणावर नाही. ती थोरल्या सासऱ्यांबद्दल, आप्पांच्या भावाबद्दल बोलत होती.

मागच्या शेतात विहिरीवरची फरशी बाजूला पडली होती. आप्पांसारखंच नाक असलेला एक म्हातारा माणूस दोरानं पाटी वर ओढत होता. पाटीत चिखल होता आणि चिखलात काळ्या, जाड काचा. काठावर अशी चार पोती भरून ठेवली होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण दोर सोडला नाही.

"धाकटा माझ्याशी बोलत नव्हता," ते म्हणाले. "म्हंजे मीच बोलत नव्हतो. मग त्यो रोज सांजंला गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायचा. आज हितं गेलतो, आज अमक्याची हीर वाचवली. मोठ्यानं सांगायचा, मला ऐकू यावं म्हणून. मी बी वैरण घालायच्या निमतानं तितंच घुटमळायचो." पाटी काठाला टेकली. "पंधरा वर्सं ऐकलं, मास्तर. एकदाबी 'व्हय' म्हणलो न्हाय."

त्यांनी पाटी पोत्यात रिकामी केली, हात धोतराला पुसले आणि पोत्यांकडे बघत विचारलं, "ह्ये आता कुठं द्यायचं असतंय?"