बदली आली तर मुग्धाच्या कॉलेजचं काय?

मंडळी, आज धाकट्या बहिणीसाठी, मुग्धासाठी, आम्ही दोन कॉलेजं बघून आलो आणि अजून माझं काही ठरत नाही.

एक आमच्या क्वार्टरपासून चालत जाण्याजोगं, पण तिथे हॉस्टेल नाही. दुसरं लांब, झिरकपूर शहराच्या पुढे. तिथे हॉस्टेल आहे, प्रयोगशाळाही चांगली आहे.

बाबा निमलष्करी दलात हवालदार. ते लगेच म्हणाले, "जवळचंच घेऊ. पोरगी घरचं जेवेल."

"आणि तुमची बदली आली तर?" मी विचारलं.

"तुझ्या वेळी कुठे एवढा विचार केला होता? झालीस ना ग्रॅज्युएट!"

झाले, पण त्यांच्या बदलीमुळे दोन गावांतल्या दोन कॉलेजांत. मैत्रिणी, ओळखीचे सर, अर्धा प्रोजेक्ट, सगळं मध्येच सुटलं.

मुग्धा इकडच्या सवयीने हिंदीत म्हणाली, "ताई, तू ही बोल दे ना यार!"

आई म्हणाली, "ताई सांगेल तसं करू. घरात शिकलेली तीच."

उद्या प्रवेश नक्की करायचा आहे. मी हॉस्टेल म्हटलं आणि ती तिथे एकटी पडली तर?

पहिली ग्रॅज्युएट म्हणून घरातले सगळे मला विचारतात. मी तुम्हाला विचारते, तुम्ही मुग्धाला कुठे पाठवाल?