गूळ घातलेली भिंत

मालकीणबाईंच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'नो'. समोरच्याचं पुरतं ऐकायच्या आधीच. खिडकी उघडू का? नो. चहात दूध मिळेल का? नो. मग थोडा वेळ टक लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "शो मी." म्हणजे दाखव करून. मला इंग्रजी येत नाही, पण एवढ्यावर आमचं भागलं.

मी तिसरी नापास. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका काढणाऱ्यांचा वेळ वाचेल. चाळीस वर्षं कऱ्हाडकडे गवंडीकाम केलं. बायको गेल्यावर मुलानं इथे अमेरिकेत नोव्हायला आणलं. तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, सून रश्मी आयटीत. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी दीड तासावरच्या एका जुन्या सरायीत दोन दिवस राहायचं ठरवलं आणि घरी एकटा नको म्हणून मलाही गाडीत घातलं.

घोडागाड्यांच्या काळातली सराय. पलंग इतका उंच की चढायला लाकडी पायरी ठेवलेली. खिडकीच्या काचांत बुडबुडे. टीव्ही नाही. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, ओळंबा सोडल्यासारख्या ताठ. न्याहारी आठ म्हणजे आठ. पाच मिनिटं उशिरा उतरलेल्या माझ्या इंजिनियर मुलाला त्यांनी अंडं दिलं नाही, कोरड्या टोस्टवर भागवायला लावलं. बाई मला तिथेच आवडल्या.

न्याहारीच्या खोलीत भिंतीतच बांधलेली, माणूस उभा राहील एवढी मोठी शेगडी होती, पण थंड. वर एक कागद चिकटवलेला. बाजूच्या विटांवर मिठासारखा पांढरा लोणा चढलेला, काही विटांचे पापुद्रे निघालेले. सवयीनं मी भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवलं.

"बाबा, प्लीज! ठोकून बघू नका, हिस्टॉरिक आहे," रश्मी कुजबुजली.

"मग मी काय नवा आहे?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आलंच, "नो!"

रश्मीनं माफी मागता मागता कागद वाचून सांगितला. गावच्या तपासनिसानं धुराडं धोक्याचं ठरवलं होतं. ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पाडा. बाई बाहेर येऊन सांगू लागल्या. तीन ठेकेदार येऊन गेले होते, तिघांनीही पाडा म्हणून सांगितलं होतं. बाईंचा सगळ्यांना एकच जबाब, "नो." शेगडी पाडली तर दुसऱ्या दिवशी सरायीला कुलूप लावीन, म्हणाल्या. नवऱ्यामागे तीस वर्षं एकटीनं चालवलेली सराय. हे सांगताना मात्र त्यांचा हात ॲप्रनचं टोक पिळत होता.

मला दुखणं कळलं होतं. भिंत मूळची चुन्यातली. मधे कुणी शहाण्यानं बाहेरून सिमेंटनं दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, भरल्या होत्या. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट तोंड दाबून धरतं. आत कोंडलेली ओल हिवाळ्यात गोठते आणि विटा फोडते. पाडायचं कशाला? सिमेंट काढा, चुना भरा.

रश्मीनं सांगितलं. बाई म्हणाल्या, "नो." मी हाताची घडी घालून बसून राहिलो. मुलगा गाडीत सामान ठेवून आला तरी मी उठलो नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "शो मी."

पुढच्या शनिवारी चुन्याची पोती आली. चुना घट्ट धरावा म्हणून मी रश्मीला देशी दुकानातून गूळ आणायला लावला. हिरड्याची पूड घरात होती, माझ्या पोटासाठी आणलेली. गूळ-हिरड्याचं पाणी चुन्यात ओतताना बाईंनी पाहिलं मात्र! भिंतीत साखर? मुंग्यांना जेवण घालतोयस? नो, नो, नो. एका दमात तीन नो मी प्रथमच ऐकले. मग मी दोन विटा गुळाच्या चुन्यात चिकटवल्या, दोन बिनगुळाच्या, आणि पडवीत ठेवून दिल्या. महिन्यानं बाई स्वतः हातोडा घेऊन आल्या. बिनगुळाची जोडी दोन घावांत सुटली. गुळाच्या जोडीवर पाच-सहा घाव घातले, तेव्हा वीट फुटली, सांधा नाही. बाईंनी हातोडा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या चहात न मागता दूध घातलं.

तो उन्हाळाभर दर शनिवारी रश्मी मला तिकडे न्यायची. छिन्नीनं सिमेंट काढायचं, दर्जा धुवायच्या, चुना भरायचा, ओली पोती टांगायची. मी परांचीवर, बाई खाली शिडी धरून. मी वरची पायरी चढलो की खालून "नो". मी मराठीत म्हणायचो, "बाई, तुम्ही एकटीनं सराय चालवायला लागायच्या आधीपासून चढतोय." त्या इंग्रजीत काहीतरी हाणायच्या. रश्मी म्हणे, "बाबा, हे मी ट्रान्सलेट करणार नाही."

ऑक्टोबरात तपासनीस आला. आतला चुना दिसावा म्हणून त्यानं शेगडीजवळचा एक सांधा उघडा ठेवायला सांगितलं होतं. त्यात खिळा खुपसला. खिळा शिरला नाही. मग शेगडी पेटवली. बाई भिंतीला पाठ लावून उभ्या, डोळे मिटलेले. धूर थोडा घुटमळला आणि सरळ वर गेला. तपासनिसानं वरखाली चार चकरा मारल्या, पावती फाडल्यासारखा तो कागद काढला आणि बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो शेगडीतच टाकला.

उरलेला सांधा मी भरला. बाईंनी खिळा माझ्यापुढे धरला आणि ओल्या चुन्याकडे बोट दाखवलं. नाव लिही. मी चाळीस वर्षांत कितीतरी भिंती उभ्या केल्या. दगडावर नाव यायचं ते आमदाराचं, फार तर ठेकेदाराचं. गवंड्यानं नाव लिहायची पद्धत नाही. मी मान हलवली आणि म्हणालो,

"नो."

बाई तशाच खिळा धरून उभ्या. "शो मी."

लिहिलं. 'गणपत गवंडी.' वेलांटी जरा वाकडी गेली.

या मार्चमध्ये मालकीणबाई वारल्या. सराय आता त्यांची भाची चालवते. परवा आम्ही जाऊन राहिलो. पावणेआठलाच मी न्याहारीला बसलो. शेगडी पेटलेली होती. मी भिंतीला हाताची पालथी बाजू लावली, मग गाल लावला. दोन हिवाळ्यांचं बर्फ खाऊनही भिंत भाकरीच्या पिठासारखी कोरडी.

शेजारच्या टेबलावरचा एक पाहुणा वाकून माझ्या अक्षरांवर नखानं खरवडायला गेला. स्वयंपाकघरातून भाची गरजली, "नो!" तोच सूर, तोच ठसका.

पाहुणा दचकून मागे सरला आणि हे काय लिहिलंय म्हणून तिला विचारू लागला. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी उठलो, सदरा नीट केला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.