एक किलोचा ट्रिगर

माझी नणंद नेमबाजीच्या क्लबात पिस्तुलं दुरुस्त करते. हात अतिशय हलका, जीभ मात्र शिवराळ. माझी सून तिथेच नेम धरायला जाते. उद्या तिची निवड चाचणी, आणि पिस्तुलाचा ट्रिगर अडखळत होता.

"आत्या, आतून जरा घासून द्या ना."

"घासलेलं लोखंड परत उगवतं का गं? आधी धुऊन बघू."

नणंदेने रिकामं पिस्तूल माझ्या जेवणाच्या टेबलावर उघडलं. आत तेलाचा नुसता चिकटा.

"शिवणयंत्रालाही कोणी एवढं तेल पाजत नाही!"

सगळं धुऊन, पुसून जोडलं. ट्रिगर लोण्यासारखा चालू लागला. सून खूश झाली, पण नणंदेच्या कपाळाला आठी पडली. "फारच हलका वाटतोय. खरं सांग, तू काही घासलंस?"

सुनेचा चेहरा उतरला. "परवा... पॉलिशचा कागद फिरवला. थोडासाच."

झालं! चाचणीआधी पंच ट्रिगरला एक किलोचं वजन टांगून पिस्तूल उचलतात. तेवढ्या वजनाने ट्रिगर ओढला जाऊन घोडा पडला, तर ट्रिगर फार हलका ठरतो आणि खेळाडू चाचणीतून बाद. आमची नणंद शिव्या द्यायचीही विसरली, यावरून काय ते समजा.

तिने वजन अडकवलं आणि पिस्तूल सावकाश उचललं. वजन अधांतरी लोंबलं, घोडा हलला नाही. पुन्हा उचललं. तरीही नाही.

"पोरी, थोडक्यात वाचलीस," नणंद खुर्चीत टेकत म्हणाली. "तो कागद आण इकडे."

सुनेने धावत जाऊन अख्खं पाकीटच आणून दिलं. मग कुठे नणंदेला शिव्या आठवल्या, आणि आम्हा दोघींच्या जिवात जीव आला.